बातमीचा जाब द्यायचा कोणी?

मार्च २०२५ मध्ये एलन मस्क यांच्या कंपनीच्या ग्रोक नावाच्या चॅटबॉटने एक्सवर हिंदीत शिव्या हासडायला आणि राजकीय नेत्यांविषयी बेधडक उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याकडच्या एका गटाला कोण आनंद झाला होता! वाहिन्यांना जे जमलं नाही ते एका यंत्राने करून दाखवलं, असा एकूण सूर. वर्षभर आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, गूगलच्या जेमिनायने पंतप्रधानांविषयीच्या एका प्रश्नाला दिलेलं उत्तर दुसऱ्या गटाला झोंबलं होतं. तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तो थेट नियमभंग ठरवला. १ मार्चला केंद्राने चाचणी अवस्थेतल्या एआय मॉडेलांना सरकारी परवानगी घ्यायला सांगणारी सूचना काढली आणि दोन आठवड्यांत परवानगीची अट गुपचूप मागेही घेतली. मग जुलै २०२५ उजाडला. त्याच ग्रोकने हिटलरची तारीफ केली, स्वतःला ‘मेकाहिटलर’ म्हणवून घेतलं, आणि मार्चमध्ये टाळ्या पिटणाऱ्यांना अचानक यंत्रांच्या नियमनाची निकड जाणवू लागली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हा सगळा वाद यंत्र आपल्या बाजूचं की त्यांच्या, याच खुंट्याभोवती फिरतो आहे. थोडी समजूतदार मंडळी ‘अचूक किती?’ असं विचारतात. तो प्रश्न बरा आहे, पण पुरेसा नाही. उद्या एखादा चॅटबॉट शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर देऊ लागला, तरी माझा आक्षेप कायम राहील. बातमीवरचा विश्वास निव्वळ अचूकतेवर कधीच उभा नव्हता. चूक झाली तर ती चारचौघांत पकडता येते आणि करणाऱ्याला जाब विचारता येतो, या खात्रीवर तो उभा असतो. चॅटबॉट बातमी सांगू लागला की या दोन्ही गोष्टी हातून जातात. प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं, तेही बंद खिडकीत, आणि उत्तर देणारा नामानिराळा.

समोरच्यांचे मुद्दे मात्र कच्चे नाहीत. सगळ्यात मोठा मुद्दा हा, की ज्या माध्यमांची बाजू घेऊन मी बोलतोय त्यांनीच आपली अब्रू घालवली आहे. मे २०२५ च्या त्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष ऐन भरात असताना, वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं होतं. कुणी इस्लामाबादपर्यंत फौजा नेल्या होत्या. यातलं काहीही घडलेलं नव्हतं. ज्या माणसाने हे रात्रभर जागून पाहिलं आणि सकाळी सगळं हवेत विरलेलं अनुभवलं, त्याने दुसऱ्या दिवशी एक्सवर ‘ग्रोक, हे खरं आहे का?’ असं विचारलं तर त्याला हसायचं कोणत्या तोंडाने? मराठी वृत्तपत्रांनीही सोवळ्याचा आव आणू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराची, आठवण अजून पुसलेली नाही.

दुसरा मुद्दा सोयीचा. अर्थसंकल्पातली तूट म्हणजे काय, वक्फ कायद्यात नेमकं काय बदललं, आरक्षणाच्या निकालात न्यायालयाने काय म्हटलं, हे सातवी शिकलेल्या माणसाला त्याच्या मराठीत, दहादा विचारलं तरी न कंटाळता समजावून सांगणारं आजवर कोण होतं? अग्रलेख लिहिणारे आम्ही लोक वाचकाला आधीच सगळं ठाऊक आहे असं धरून चालतो. चॅटबॉट तसं धरत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो नाकारणं म्हणजे उगाच आखडूपणा ठरेल.

तिसरा मुद्दा संशोधनाचा, आणि मला सगळ्यात जड जाणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॉस्टेलो, पेनीकूक आणि रँड यांचा अभ्यास आला. कटकारस्थानाच्या कथांवर विश्वास ठेवणाऱ्या अमेरिकी लोकांना त्यांनी चॅटबॉटशी बोलायला लावलं. त्या विश्वासात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घट झाली आणि दोन महिन्यांनंतरही ती टिकून होती. घरच्यांनी समजावून जे होत नाही ते यंत्राने काही मिनिटांच्या गप्पांत केलं! मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की ज्या ताकदीने माणूस खोट्यातून बाहेर येतो, त्याच ताकदीने तो आतही जातो. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात आलेला ब्रिटनमधला अभ्यास वाचला तर हुरूप बराच उतरतो. सुमारे ७७ हजार लोक, १९ मॉडेलं, सातशेहून अधिक राजकीय विषय. माहितीचा भडिमार करणारं मॉडेल मत वळवण्यात सगळ्यात यशस्वी ठरलं. पण ज्या युक्त्यांनी पटवून देण्याची ताकद वाढली, त्यांनी अचूकता कमी केली. म्हणजे उत्तर जितकं पटणारं, तितकं ते तपासून घेण्याची गरज जास्त. प्रत्यक्षात माणूस उलट वागतो. पटलं की तपासणं थांबवतो.

आता पेड न्यूजकडे येतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिथे दडलेला आहे. ते पकडलं कसं गेलं? पत्रकार पी. साईनाथ यांनी एकमेकांशी स्पर्धा करणारी मराठी दैनिकं शेजारी शेजारी ठेवली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची थोरवी गाणारा एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. ‘अशोकपर्व’ हे बिरूद मिरवणारी पानंच्या पानं होती. स्पर्धक संपादकांना एकच वाक्य, त्याच स्वल्पविरामांसह, कसं सुचलं? हा प्रश्न विचारायला कुठलं गुप्त कागदपत्र लागलं नाही, रद्दीचा गठ्ठा पुरला. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल तयार केला, प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं, आयोगाने २०१४ मध्ये चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या लढाईत निकाल काय लागला हा वेगळा भाग. पण वृत्तपत्राने केलेलं पाप छापील होतं, तारखेसकट होतं आणि कोणत्याही वाचनालयात बसून दुसऱ्याला दाखवता येत होतं.

आता कल्पना करा, की हेच काम चॅटबॉटकडून करून घेतलं जातंय. नांदेडच्या मतदाराला एक उत्तर, बारामतीच्या मतदाराला दुसरं, मुंबईतल्या तरुण मुलीला तिसरं. शेजारी ठेवायचं काय? कुणाच्या खिडकीत काय उमटलं हे कंपनीशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारला तर कालचंच उत्तर येईल याचीही हमी नाही. मी असं चाललंय असा आरोप करत नाही. चालू असलं तर आपल्याला कळायचा मार्ग नाही, एवढंच सांगतोय.

हे कल्पनेचे खेळ वाटत असतील तर ग्रोकचाच इतिहास पाहा. मे २०२५ मध्ये क्रिकेटपासून बेसबॉलपर्यंत कशाबद्दलही विचारलं तरी तो दक्षिण आफ्रिकेतल्या तथाकथित ‘श्वेत वंशसंहारा’वर घसरत होता. कंपनीने खुलासा केला, की चॅटबॉटने कसं उत्तर द्यायचं हे ठरवणाऱ्या पडद्याआडच्या सूचनांमध्ये कुणीतरी परवानगीविना बदल केला. कुणी? नाव नाही. त्याआधी फेब्रुवारीत, मस्क आणि ट्रम्प चुकीची माहिती पसरवतात असं म्हणणारे स्रोत टाळावेत अशी सूचना त्याला दिलेली आढळली, तेव्हाही एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवण्यात आलं. जुलैमध्ये तर लोकांनी पाहिलं, की इस्रायल-पॅलेस्टाइनसारख्या विषयावर मत विचारलं की हा गडी आधी मालक एलन मस्क काय म्हणालेत ते शोधून येतो. मालकाच्या तोंडाकडे बघून अग्रलेख लिहिणारे संपादक आपण पाहिलेत. पण त्यांचा अग्रलेख आपल्यालाही वाचायला मिळायचा आणि काय ते कळायचं. इथे मामला उघडा पडला, कारण ग्रोक एक्सवर चव्हाट्यावर बोलतो आणि आपली शोधाशोध दाखवतो. जे चॅटबॉट फक्त खासगी खिडकीत बोलतात, त्यांचं काय?

यावर कुणी म्हणेल, सरकारी लगाम घाला. तो रस्ता आपण नुकताच नाकारला आहे, आणि योग्य कारणाने. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञान नियम बदलून, केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा हे ठरवणारा सरकारी तथ्य-तपासणी कक्ष आणायचं ठरवलं. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, तिसरे न्यायमूर्ती म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. सरकारने स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे आपण न्यायालयात जाऊन मिळवलं. आणि त्यानंतर वर्षभराच्या आसपास तोच अधिकार, कुठल्याही नियमाविना, कुठल्याही याचिकेविना, आपणहून परदेशी कंपन्यांच्या हवाली केला! जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधयंत्राचं वर्षभराचं सशुल्क सदस्यत्व मोफत देऊ केलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिओने जेमिनायचं आणि ओपनएआयने चॅटजीपीटीच्या एका योजनेचं दार असंच फुकट उघडलं. रिचार्जबरोबर तथ्य-तपासणी कक्ष घरपोच.

तो कक्ष कसा चालतो? मेच्याच संघर्षात सुदानमधल्या खार्तूम विमानतळाचा जुना व्हिडिओ ग्रोकने पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून ओळखला. नेपाळमधल्या जळत्या इमारतीचा व्हिडिओ त्याला पाकिस्तानी प्रत्युत्तरासारखा वाटला. एएफपी या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी या चुका बाहेर काढल्या. म्हणजे वाहिन्यांच्या थापा तपासायला लोक ज्याच्याकडे गेले, त्याची तपासणी शेवटी पत्रकारांनाच करावी लागली.

याचा एक घरगुती नमुना सांगतो. पावसाळ्यातल्या एका रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरत होता, की रेड अलर्टमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी उद्या शाळांना सुट्टी जाहीर केली आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी चॅटबॉटला विचारलं, ‘उद्या शाळांना सुट्टी आहे ना?’ उत्तर आलं, होय, मुसळधार पावसाच्या इशाऱ्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली आहे. त्यांनी स्क्रीनशॉट टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, ‘उद्याच्या सुट्टीची अफवा खरी आहे का?’ त्यांना उत्तर आलं, अशी कोणतीही अधिकृत घोषणा आढळत नाही. त्यांचाही स्क्रीनशॉट पडला. दोघांचा चॅटबॉट एकच. ‘अहो, मी स्वतः विचारलंय,’ काका म्हणाले. ‘मग मी काय शेजारणीला विचारलं?’ असं वहिनींचं उत्तर. शेवटी कुणीतरी शाळेच्या शिपायाला फोन केला, तेव्हा कळलं की शाळा भरणार आहे. काकांच्या उत्तराखाली दिलेला दुवा उघडला तर आदल्या वर्षीचा आदेश निघाला. तोवर अर्ध्या ग्रुपने डबे रद्द केले होते.

गंमत सोडा, यात काय घडलं ते बघा. प्रश्न जसा विचारला तसा होकार मिळाला. समोरच्याचं मन राखण्याची ही खोड या यंत्रांच्या घडणीतच आहे, कारण माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून त्यांना वळण लावलं जातं. पूर्वग्रह असलेल्याला त्याचाच पूर्वग्रह नेटक्या परिच्छेदात परत मिळतो, वर ‘मी स्वतः तपासलं’ असं समाधान. अफवेला हे समाधान नव्हतं. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात निरोप पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली. फॉरवर्ड कितीही विषारी असला तरी तो शंभर जणांनी सारखाच वाचलेला असतो. पोलिसांना तो दाखवता येतो, शिक्षकाला त्यावर बोलता येतं. शंभर जणांना मिळालेल्या शंभर वेगळ्या उत्तरांवर मर्यादा कुठली घालणार?

‘उत्तराखाली दुवे दिलेले असतात की!’ असं यावर हमखास ऐकू येतं. असतात. पण जिनिव्हातली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमसंस्थांच्या मदतीने चॅटबॉटची बातम्यांविषयीची उत्तरं तपासली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या या पाहणीत ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष सापडला आणि ३१ टक्क्यांत गोची स्रोतांचीच होती. शिवाय दुवा उघडतो कोण? अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०२५ मध्ये गूगलच्या एआय सारांशांचा अभ्यास केला. सारांश दिसलेल्या भेटींपैकी जेमतेम एक टक्क्यात वाचकाने सारांशातला दुवा उघडला होता.

चूक यंत्राची आणि बदनामी दुसऱ्याची, हाही प्रकार घडलाय. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या एआयने आयफोनवर बीबीसीच्या नावाखाली सूचना दाखवली, की खुनाच्या आरोपातला लुइजी मँजिओनी याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. बीबीसीने असं काही म्हटलंच नव्हतं. तक्रारीनंतर जानेवारीत ॲपलने बातम्यांसाठीची ती सोय थांबवली. बीबीसीकडे तक्रार करायची ऐपत होती म्हणून हे निभावलं. एखाद्या जिल्हा दैनिकाच्या नावावर असं काही खपवलं गेलं तर?

वृत्तपत्रंही चुकतात, हे खरंच. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मोठी चूक करून बसले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबाबत तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने पत्रांच्या आधारे आरोप केले. ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. बाहेर आले तेव्हा स्वागताला गर्दी होती, ‘केसरी’चा दबदबा पुढे वाढतच गेला. वसाहतवादी बदनामी-कायद्याचं मी कौतुक करत नाही आणि चुकणाऱ्या पत्रकाराला कोठडी दाखवावी असंही म्हणत नाही. पण जाब देणारी दोन माणसं तिथे नावानिशी उभी होती. परवानगीविना बदल करणारा तो अनाम कर्मचारी यांच्याशेजारी उभा करून पाहा.

मराठीपुरता प्रश्न आणखी बिकट आहे, आणि त्यात दोष आपलाही आहे. तालुक्याची बातमी ज्याच्या जिवावर येते तो वार्ताहर नाममात्र मानधनावर, वर जाहिरातींचं टार्गेट घेऊन राबतो. ग्रामसभेत कोण काय बोललं, पाणीपुरवठा योजनेचं बिल कामाआधी कसं निघालं, हे तोच बसून ऐकतो. त्याची बातमी आतल्या पानावर छापली जाते, ई-पेपरमध्ये पानाचं चित्र म्हणून राहते आणि तिथेच विसावते. चॅटबॉटला ती सापडत नाही. पण ‘मला माहीत नाही’ म्हणणं त्याला फारसं जमत नाही, म्हणून तो इंग्रजी-हिंदीतल्या तुकड्यांवरून सफाईदार मराठी उत्तर रचतो. सफाई पाहून वाचकाला वाटतं, याला आपल्या तालुक्याचंही सगळं ठाऊक आहे. आणि ज्या बातम्या सापडतात त्यांचा मोबदला? एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली ती याच कारणाने. वाचक उत्तरावरच थांबला आणि मूळ दैनिकापर्यंत गेलाच नाही, तर ग्रामसभेत बसणाऱ्याचा चहाचा खर्चही निघणार नाही. मग यंत्र उत्तर कशावरून देणार?

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. बातम्यांविषयी बोलणाऱ्या प्रत्येक चॅटबॉटच्या पडद्याआडच्या सूचना आणि त्यांतला प्रत्येक बदल तारखेसह जाहीर व्हावा. मेच्या प्रकरणानंतर ग्रोकच्या कंपनीने आपल्या सूचना प्रसिद्ध करायला सुरुवात केली, म्हणजे हे अशक्य नाही. पण ते कंपनीच्या मर्जीवर राहू नये. कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना कोणत्या भाषेत काय उत्तरं जातात, याचे नमुने नावगाव काढून संशोधकांना मिळावेत. आणि आमच्या संपादक मंडळींनी चुकीची दुरुस्ती सातव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापणं बंद करावं. जाब देण्याची रीत आपणच मोडली, तर यंत्राकडे ती मागायला तोंड उरत नाही.

युरोपच्या त्या पाहणीत १४ भाषा होत्या. त्यांत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. हे काम आपल्यासाठी जिनिव्हातून कुणी येऊन करणार नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या पत्रकारितेच्या विभागांनी ते हाती घ्यायला हरकत काय? पन्नास विद्यार्थी, मराठीतले तेच तीस प्रश्न, चार-पाच चॅटबॉट, दर महिन्याला एक शनिवार. अर्धे प्रश्न होकार मागणारे, अर्धे शंका घेणारे. आलेली सगळी उत्तरं तारीखवार, जशीच्या तशी, कुणालाही पाहता येतील अशी शेजारी शेजारी मांडायची, आणि पहिली फेरी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या तोंडावर घ्यायची.